घरीच आहेस ना, मग...

नोकरी गेल्यावर पैशाची ओढाताण होते हे सगळ्यांनाच कळतं, जवळची माणसं विचारतातही, हप्ते किती राहिले, पीएफ काढला का, पोरीची फी भरली का. पैशाचं दुखणं मोठंच आहे, पण त्याचा निदान हिशोब मांडता येतो, रात्री वही घेऊन बसलं की कळतं एवढे आहेत, एवढे लागतील, इतके महिने निघतील. मला ज्याची काहीच कल्पना नव्हती ती गोष्ट म्हणजे आपली सुट्टी जाते. रविवार उरत नाही. सहा दिवस राबलेला माणूस रविवारी अकरापर्यंत लोळला तरी घरात कोणाला काही वाटत नाही, उलट आई म्हणते झोपू दे त्याला, थकलाय. तोच माणूस घरी असला की त्याचं दहा मिनिटं खुर्चीत टेकणंसुद्धा डोळ्यावर येतं. आमच्या घरात कोणी एका शब्दानं काही बोललं नाही, पण मलाच ते बसणं चोरून केल्यासारखं वाटायला लागलं.

मी जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या एका युनिटला शिफ्ट सुपरवायझर होतो. बाहेरच्यांना जळगाव म्हटलं की केळी आणि सोनं आठवतं, पण इथे चटईचे, पाइपचे कारखाने आहेत, डाळ मिल आहेत, कितीतरी घरं त्यावर चालतात. गेल्या दिवाळीनंतर ऑर्डरी कमी झाल्या, आधी रात्रपाळी बंद केली, मग एक दिवस ऑफिसात बोलावून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून नका येऊ, काम वाढलं की फोन करतो. भांडण नाही, आरोप नाही, चहा पण पाजला. त्याबद्दल जास्त लिहायचं नाहीये मला, लिहायचंय ते त्याच्या नंतरचं.

माझ्यासोबत मशीनवरचे ऑपरेटर पण कमी केले होते आणि त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं की ईएसआय, म्हणजे पगारातून जाणारा कामगार विमा, कापला जात असेल तर नोकरी गेल्यावर थोडे पैसे मिळू शकतात, म्हणून ते सांगून ठेवतो. २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, त्यात रोजच्या सरासरी कमाईच्या ५० टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच मिळते. अटी आहेत आणि योजनेची मुदत वाढवत वाढवत चाललेली असते, त्यामुळे आधी ईएसआयच्या ऑफिसात चौकशी करा. पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआयच नसतो, माझा नव्हता, पण त्या पोरांचा होता. आपल्या हक्काचा पैसा माहीत नसल्यामुळे तसाच राहून जातो याचं मला फार वाईट वाटतं.

तर घरी बसल्यावर. पहिले पंधरा दिवस लोक जपून बोलतात. मग हळूहळू फोन सुरू होतात आणि सगळ्या फोनची सुरुवात एकच, "घरीच आहेस ना? मग जरा..." मग जरा फुईला, म्हणजे आत्याला, एसटी स्टँडवरून घेऊन ये. मग जरा रेशनचं केवायसी करून दे आईचं. मग जरा तलाठ्याकडे जाऊन ये, सातबाऱ्यावर नाव चुकलंय. चुलत सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात दिवसभर मीच होतो, कारण बाकी सगळ्यांना रजा टाकावी लागली असती. मला ही कामं करायला आवडत नव्हती असं अजिबात नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला बाथरूमपर्यंत नेण्यात कमीपणा कसला. पण आधी मी कोणाचं काम करायचो तेव्हा लोक म्हणायचे भाऊनं वेळात वेळ काढला, आता माझा वेळ माझा राहिलाच नव्हता, तो सगळ्यांच्या मालकीचा झाला होता, आणि मी नाही म्हणू शकत नव्हतो. नाही म्हणायला माणसाकडे कारण लागतं. "मला ड्युटी आहे" हे एक वाक्य किती ताकदीचं असतं ते हातातून गेल्यावर कळलं. लग्नाला न जाण्यासाठी, उधारी न देण्यासाठी, एखाद्याशी न बोलण्यासाठी, कितीतरी ठिकाणी ते वाक्य मी इतकी वर्षं वापरलं होतं.

उन्हाळा आला तेव्हा हे सगळं फार जास्त झालं. जळगाव-भुसावळचा मे ज्यांनी काढलाय त्यांना माहितीये, पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरला आहे, ती नऊला जाते, पोरगी सुट्टीत मामाकडे गेली होती, आई दुपारची शेजारी खालच्या मजल्यावर जाऊन बसते कारण तिथे गार असतं. म्हणजे घरात मी एकटा. आणि हॉलमधला कूलर. त्याच्या टाकीत पाणी मीच भरायचो, आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तर ज्या दिवशी येईल त्या दिवशी ड्रम, टाक्या, कूलर सगळं भरून ठेवायचं हे काम माझ्याकडेच होतं. पण दुपारी तो लावायला माझा हात उठायचा नाही. एका माणसासाठी, आणि तो पण काही न कमावणारा माणूस, त्याच्यासाठी पाच तास मोटर फिरवायची, बिल कोण भरणार. मी ओला टॉवेल मानेवर टाकून फरशीवर पडून राहायचो. पावणेसहाला गेटचा आवाज आला की पटकन उठून कूलर चालू करायचो, म्हणजे ती आत आल्यावर तिला गार वाटेल आणि तिला वाटेल की तो दिवसभर चालूच होता.

तिला कळत होतं. ज्या कूलरच्या ताट्या दुपारभर चाललेल्या असतात त्या पूर्ण ओल्या असतात आणि खोलीला एक दमट वास असतो, हे तिला काय सांगायला पाहिजे? एक दिवस ती चप्पल काढून सरळ कूलरजवळ गेली, ताटीला हात लावला, कोरडी होती. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून जाताना ती स्वतः बटण चालू करून जायला लागली आणि दुपारी एकदा फोन करून विचारायची, आवाज येऊ दे, कूलरचा आवाज येऊ दे फोनमध्ये. मी फोन कूलरसमोर धरायचो. हे लिहिताना आत्ता पण माझा गळा दाटतो, दाटू दे.

दुसरी गोष्ट मोबाईलमधल्या पैशांची. माझ्या खात्यात काही उरलं नाही तेव्हा तिनं तिचं खातं माझ्या फोनवरच्या यूपीआयला जोडून दिलं, म्हणाली सारखं मागायला नको तुम्हाला. तिच्या मनात चांगलंच होतं. पण मी आकाशवाणी चौकात चहा प्यायलो की दहा रुपये गेल्याचा मेसेज तिला लॅबमध्ये जाणार, टपरीच्या नावासकट. मी बाहेर चहा प्यायचा बंद केला. दाढीचं ब्लेड आणायचं तरी किराणा सामानासोबतच आणायचो म्हणजे एकाच रकमेत निघून जाईल. मित्र म्हणायचे चल बस, चहा घे, मी म्हणायचो ॲसिडिटी झालीये. आणि मग पावसाळ्यात कधीतरी तिचा फोन बघत होतो, आईच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन शोधत होतो, तेव्हा लक्षात आलं की बँकेच्या मेसेजचं नोटिफिकेशन तिनं केव्हाच बंद करून टाकलंय. मला न सांगता. म्हणजे मी ज्या नजरेला घाबरून चहा सोडला होता ती नजर तिनं आधीच वळवून घेतली होती. घरातल्या माणसांनी टोमणे मारले तर माणूस निदान चिडू शकतो. एवढ्या जपण्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, त्याचं ओझं पण वाटायचं आणि त्याच्याशिवाय मी उभा पण राहिलो नसतो.

या दिवसांत वाचन बरंच झालं, त्यात ऑस्ट्रियातल्या मारियेन्टाल गावाबद्दल वाचलं. व्हिएन्नाजवळचं गाव, सगळं गाव एका कापडगिरणीवर चालायचं, १९२९-३० मध्ये मंदीत ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळीच घरं बेकार झाली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल हे तरुण संशोधक तिथे गेले, ४७८ कुटुंबांची माहिती काढली, आणि त्यांनी काय केलं तर हातात घड्याळ घेऊन लोक रस्त्यावरून किती वेगानं चालतात ते पण मोजलं. पुरुष हळू चालत होते, मध्येमध्ये थांबत होते, बायका भराभर चालत होत्या कारण त्यांचं घरकाम काही बंद पडलं नव्हतं. गावातल्या लायब्ररीची फी माफ केली तरी पुस्तकं नेणारे कमी झाले. वेळ भरपूर, पण वाचवत नाही, हे मला लगेच पटलं, कारण सुरुवातीचे दोन महिने मला पेपरचं एक पान पण धड वाचता आलं नव्हतं.

पण चालण्याचं मला वेगळं दिसलं. मी हळू नाही चालायचो, मी भराभर चालायचो. हेल्मेट हातात, पाठीवर ऑफिसची सॅक, फोन कानाला, असा घाईत. गल्लीतून जाताना कोणी थांबवू नये म्हणून. मला वाटतं फरक असा आहे की त्या गावात सगळेच बेकार होते, लपवायचं कोणापासून. आमच्या गल्लीत एक आबा आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढचे, ते आधी गिरणीत होते. आपल्या खान्देशात धुळं, अमळनेर, चाळीसगाव, जळगाव सगळीकडे कापडगिरण्या होत्या आणि एकामागून एक बंद पडल्या, आता कुठे नुसती जमीन आहे, कुठे इमारती झाल्या. आबांना मी एकदा विचारलं तेव्हा तुम्ही कसं काढलं. तर म्हणाले, "आम्ही सगळे एकदमच घरी बसलो ना भाऊ. सकाळी पाराजवळ शंभर माणूस. कोणी कोणाला विचारायचं नाही की तू काय करतो, सगळ्यांना माहीतच होतं. उपाशी राहिलो, पण लाज नाही वाटली." त्या वेळी मोर्चे निघायचे, युनियन होती, पुढारी भाषणं करायचे. त्यातून काय मिळालं किती मिळालं तो वेगळा विषय. पण आता एकेकाला वेगवेगळं बोलावून, चहा पाजून घरी पाठवतात, आणि प्रत्येक जण आपापल्या घरात बसून विचार करतो की माझ्यातच काहीतरी कमी असेल. मला हे फार चुकीचं वाटतं. ऑर्डर कमी झाली ती माझ्यामुळे नाही, प्लास्टिकच्या दाण्याचे भाव वाढले ते माझ्यामुळे नाही, आणि तरी रात्री दोनला जाग आली की माणूस स्वतःचाच हिशोब तपासत बसतो.

आपल्याकडे सालदाराची पद्धत होती, अजूनही काही गावांत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपतं. वर्षभर शेतावर राबलेला सालदार त्या दिवशी मोकळा होतो, हिशोब होतो, मग पुढच्या सालाची बोलणी होतात, जमलं तर त्याच मालकाकडे, नाहीतर दुसरीकडे. त्या पद्धतीत पिळवणूक भरपूर होती, उचल घेऊन पिढ्या अडकल्या, ती परत यावी असं कोणी म्हणू नये. पण या आखाजीला मी गावी होतो, पारोळ्याजवळ आमचं गाव, बायका झोके घेत होत्या, गौराईची गाणी चालली होती, पोरं पत्ते कुटत होती, आणि पाराजवळ दोघा सालदारांची बोलणी चालली होती. मी ऐकत उभा राहिलो. एवढे पैसे, एवढे दाणे, कपडे, चप्पल. मला एकच गोष्ट लागून राहिली की त्यांच्या काम सुटण्याला एक दिवस होता, तो सगळ्या गावाला माहीत होता आणि त्या दिवशी त्यांना कोणी वाया गेलेला म्हणत नव्हतं. माझं काम एका साध्या मंगळवारी सुटलं.

पावसाळ्यात मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसायला जायला लागलो, रोज नाही, माल उतरवायचा असेल तेव्हा. संध्याकाळी तो दोनशे-तीनशे रुपये हातावर ठेवायचा, मी घ्यायचो. पुढे कुठेतरी वाचलं की सरकारी श्रमबल सर्वेक्षणात आठवड्याची स्थिती बघतात तेव्हा सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. मोजणीला काहीतरी नियम लागतोच, जगभर साधारण असंच मोजतात, हे मला समजतं. पण म्हणजे ज्या आठवड्यात मी सळईचे गठ्ठे उतरवून दोनशे रुपये घेऊन घरी आलो आणि हॉलमध्ये लाइट न लावता बसून राहिलो, त्या आठवड्यात मी कागदावर बेकार नव्हतो.

श्रावणात कानबाई आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खान्देशातल्या कितीतरी घरांमध्ये कानबाई देवी बसते, पुणे-सुरत-नाशिक कुठे कुठे गेलेले भाऊबंद त्या दिवशी गावी येतात, रात्रभर जागरण असतं आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. मला जायचं नव्हतं. एवढी माणसं एका ठिकाणी, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न "काय करस आते?", आता काय करतोस. आईनं ऐकलं नाही. म्हणाली, कानबाईला घरातला माणूस नाही असं होत नसतं.

गेलो. विचारलं सगळ्यांनी, त्यातून सुटका नव्हतीच, सुरतवाल्या चुलत भावानं तर स्वतःचा फ्लॅट मोबाईलवर दाखवला आणि मग मला विचारलं. पण रोटांसाठी, म्हणजे कानबाईच्या प्रसादासाठी, गहू मोजायची वेळ आली तेव्हाचं मला सांगायचंय. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, लहान असो मोठा असो. मोठे काका सुपासमोर बसले होते, हात थरथरतो त्यांचा, एकेक नाव घेत होते, हाई बापूनी, हाई नानानी, सुरतवाल्याची झाली, त्याच्या चार महिन्यांच्या पोराची झाली, पोलीस भरतीच्या नादात असलेल्या आमच्या धाकट्याची झाली, मग माझं नाव घेतलं आणि मूठ भरली. तेवढीच. वरून पाव मूठ, तीही तेवढीच. कोणी थांबलं नाही, कोणी माझ्याकडे बघितलं नाही, पुढचं नाव आलं. मी भिंतीला टेकून उभा होतो. इतक्या महिन्यांनी कुठल्यातरी मोजणीत मी आलो होतो आणि त्यासाठी मला काही सांगावं लागलं नव्हतं. आणि लिहिता लिहिता एक गोष्ट टोचतेच, की बायकांच्या नावाची मूठ त्यात नसते. जिच्या पगारावर आमचं घर चाललंय ती आत पुरणाची डाळ शिजवत होती. मी काकांना तेव्हा बोललो नाही, पण पुढच्या वर्षी विषय काढणार आहे, मग काय वाद व्हायचा तो होऊ दे.

आमचा हा धाकटा, चुलत भाऊ, तो पहाटे पाचला ग्राउंडवर असतो. १६०० मीटर पळणं, १०० मीटर, गोळाफेक, मैदानी ५० मार्कांची आणि लेखी १०० मार्कांची. त्याच्यासारखी शेकडो पोरं जळगावात, धुळ्यात कॉट बेसिसवर राहून अभ्यासिकेत बसतात. वय वाढतं, मुली मिळत नाहीत, घरचे थकतात. लोक माझ्याकडे बघून त्याला म्हणतात बघ, प्रायव्हेटचं असं असतं, सरकारीच बघ. मला त्या पोरांची काळजी वाटते. जागा किती आणि पळणारे किती. त्याला मी एवढंच म्हणतो की पळ, पण सोबत आयटीआय नाहीतर काहीतरी हातात ठेव. त्यालाही कोणी विचारलं काय करतोस तर तो म्हणतो तयारी चालू आहे, आणि लोक मान डोलावतात. अडतीसाव्या वर्षी नोकरी गेलेल्याला असं काही म्हणायची सोय नाही.

इंटरव्ह्यू देऊन राहिलो. बहुतेक ठिकाणी फोनवरच वय आणि आधीचा पगार विचारतात आणि मग सांगतो म्हणतात. काही ठिकाणी वीस वर्षांचं पोरगं आणि मी शेजारी शेजारी बसतो, त्याला पण घाम आलेला असतो आणि मला पण. आम्ही बोलतो. रावेरकडच्या एका पोरानं मला त्याच्या घरची केळीची चिप्स दिली होती, दोघांनाही घेतलं नाही तिथे.

आता वाळूजमधून फोन आलाय. मोल्डिंगचंच काम आहे, माझ्याच लाइनचं, पगार आधीपेक्षा चार हजार कमी सांगतायत आणि तीन महिने प्रोबेशन. गुरुवारी भेटायला बोलावलंय, जळगावहून सिल्लोडमार्गे सकाळची पहिली एसटी पकडली तर अकरापर्यंत संभाजीनगर, तिथून पुढे रिक्षा. मिळालंच तर तिकडे खोली करावी लागेल, खोली आणि मेस धरून आठ-नऊ हजार जातील, आईच्या गोळ्या, पोरीची शाळा, नळाचं पाणी, सगळं हिच्या एकटीवर येईल आणि घरी मी पंधरा दिवसांतून एकदा. आई म्हणते जा. पोरगी म्हणते नको जाऊ. बायकोनं काल वही काढली, एका बाजूला तिकडचा खर्च लिहिला, एका बाजूला इकडचा, आणि म्हणाली आकडा फार काही वर निघत नाही, पण तुम्हाला जायचंय का ते आधी सांगा. हे मला इतक्या महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, गुरुवारी जाऊन येतो, मशीन कोणत्या आहेत ते बघतो, मग सांगतो.